काटा बरोबर होता

कलकत्त्याहून परतले तेव्हा शेजारच्या बायका साड्या बघायला आल्या. बंगालला जाऊन आलेली बाई दोन तांताच्या साड्याही आणत नाही म्हणजे काय, हे त्यांना कळेना. मी तिकडे बॅटरी बघायला गेले होते, असं सांगितल्यावर तर त्या गप्पच झाल्या. ती बॅटरी बंद पडली तेव्हा अंधारात दोन माणसं गेली होती. घाट, देवळं आणि मिठाया यांची वर्णनं पुष्कळांनी लिहिली आहेत. माझ्या वाट्याला जे कलकत्ता आलं ते असं होतं.

मी अणुवीज प्रकल्पात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. अणुभट्टी बंद करणं म्हणजे चुलीतली लाकडं ओढून घेणं नव्हे. बंद केल्यावरही ती आतून तापतच राहते, तिच्यावरून पाणी खेळतं ठेवावं लागतं. बाहेरची वीज गेली तर डिझेलची इंजिनं सुरू होतात. पण ती सुरू करायला, झडपा उघडायला, कुठली झडप उघडली हे दाखवणारे दिवे पेटायला जी वीज लागते ती बॅटऱ्यांमधून येते. मोटारीत असते तशी एखादी बॅटरी नव्हे. एक अख्खी खोली भरून काचेची मोठी भांडी, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड.

या बॅटऱ्या कशा तपासाव्यात याचा नियम आमच्या खात्यात लिहिला जात होता. बहुतेकांचं म्हणणं, दर आठवड्याला व्होल्टेज बघा, ॲसिडची घनता बघा, झालं. माझं म्हणणं, तिच्यावर खराखुरा भार टाका आणि ती किती वेळ तग धरते ते बघा. त्यासाठी बॅटरी दिवसभर बाजूला काढावी लागते, आणि ते कुणालाच नको होतं. अशात कलकत्त्याजवळच्या एका वीजकेंद्रातल्या अपघाताची बातमी आली. आमचे भागवतसाहेब म्हणाले, "शालिनीबाई, तुमची हौस आहे ना, मग जाऊन बघून या."

घरचा गणपती बोळवला आणि मी निघाले.

बेहाला

हावडा स्टेशनवर बापूकाका घ्यायला आले होते. बापूकाका प्रधान माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आजोबांच्या वेळेपासून त्यांचं बिऱ्हाड कलकत्त्यातल्या बेहाल्यात. काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, धोतर बंगाली पद्धतीचं, पण डोक्यावर अजून काळी टोपी. पुलावर गाडी अडकली तेव्हा ते हळूच म्हणाले, "इथे बाहेर राजकारणावर बोलायचं नाही. टॅक्सीत तर नाहीच."

का, ते रस्त्यातच कळलं. भिंतींवरच्या घोषणांवर चुना फासलेला, चुन्याखालून लाल अक्षरं पुन्हा वर आलेली. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या. आणि त्याच चौकांत पूजेच्या मंडपांचे बांबू बांधणं चाललेलं. आमच्याकडे गणपतीत मंडपाभोवती पोरांची झुंबड असते. इथे बांबू बांधणारे सगळे म्हातारे. मी विचारलं तर काका म्हणाले, "तरुण पोरं घराबाहेर थांबत नाहीत हल्ली. काही आत आहेत, काही नाहीतच."

मालूकाकींचा जन्म कलकत्त्याचा. पुण्याला त्या सबंध आयुष्यात दोनदा आलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्या संध्याकाळी हसू आवरेना. बंगालीत लिंगभेद नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडी "ट्राम आला" आणि "दरवाजा उघडली". मी हातपाय धुऊन बसले तर म्हणतात, "आधी पाणी खाऊन घे." बंगाली माणूस पाणी पीत नाही, खातो. पण जेवायला वाढलं तेव्हा मी हसायची थांबले. पाला माशाचे तुकडे मोहरीच्या वाटणात, वर कच्चं मोहरीचं तेल. नाकात झिणझिण्या आल्या. आमच्याकडे पाला म्हटलं की आधी काट्यांची तक्रार. इथे त्याला इलिश म्हणतात, आणि काटे काढत जेवणं हाच जेवणातला आनंद. निम्म्या जेवणात वीज गेली. काकींनी हात लांबवून कंदील पेटवला आणि माझ्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

"रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "तुझा ते पॉवरहाउस जळल्यापासून तर फार."

वीजकेंद्र

नदीच्या काठाने मोटार बरीच दूर गेली. मुख्य इंजिनिअर चॅटर्जीसाहेब फाटकापाशी येऊन उभे होते. उंच, वाकलेले, बोलणं इतकं हळू की यंत्रांच्या आवाजात ऐकू येत नसे. त्यांनी मला टर्बाइनच्या दालनात नेलं आणि झालेला प्रकार सांगितला.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी सगळ्या शहराचा वीजपुरवठा एकदम कोसळला. केंद्रातली यंत्रं आपोआप बंद झाली. टर्बाइनचा रोटर म्हणजे कित्येक टनांचा गरगर फिरणारा लोखंडी दांडा. वाफ बंद केली तरी तो बराच वेळ फिरत राहतो, आणि तेवढा वेळ त्याच्या बेअरिंगला तेल मिळावंच लागतं. नेहमीचा तेलपंप विजेबरोबर थांबला. अशा वेळी बॅटरीवरचा पंप सुरू व्हायला हवा. तो जेमतेम घरघरला आणि थांबला. बेअरिंग वितळली, तेलाचे नळ फुटले, तापलेल्या धातूवर तेल पडून आग लागली. संकटकाळचे दिवेही त्याच बॅटरीवर. तेही गेले.

"सगळे जिन्याकडे धावले," चॅटर्जी म्हणाले. "दोघांना जिना सापडला नाही. सुबीर, शिफ्ट इंजिनिअर. आणि एक फिटर."

मी वर पाहिलं. दालनाला दोन्ही बाजूंनी उंच काचेच्या खिडक्या होत्या, पण सगळ्या काळ्या. आदल्या हिवाळ्यातल्या युद्धात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने रंगवलेल्या. युद्ध संपलं, रंग खरवडायला कुणाला सवड झाली नाही. संध्याकाळचा उरलासुरला उजेडही त्या दिवशी आत आला नव्हता.

"बॅटरी का पडली?" मी विचारलं.

चॅटर्जींनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "तपास चालू आहे. बॅटरीच्या खोलीचा अटेंडंट, हरिपद, पोलिसांच्या ताब्यात आहे."

"त्यानं काय केलं?"

"घातपात, असं पोलिस म्हणतात. त्याचा मुलगा कॉलेजात असताना क्रांतीची पोस्टरं चिकटवताना सापडला होता. आणि हरिपदनं त्याच दिवशी सकाळी व्होल्टेज मोजलं होतं. ते बिनचूक होतं. सकाळी चांगली असलेली बॅटरी संध्याकाळी आपोआप कशी पडेल?"

कशी पडते ते मला ठाऊक होतं, निदान कागदावर. बॅटरी चोवीस तास चार्जरला जोडलेली असते. अशा वेळी काटा दाखवतो तो चार्जरचा जोर. आतल्या पट्ट्या कुजून भुसभुशीत झाल्या असल्या तरी काटा जागचा हलत नाही. माणूस खुर्चीला टेकून ताठ बसला म्हणून तो चालू शकेल असं होत नाही, तसंच.

त्या आगीत ती बॅटरीही निकामी झाली होती. पण दुसऱ्या युनिटला त्याच कारखान्याची, त्याच वेळी बसवलेली बॅटरी होती, आणि ते युनिट दुरुस्तीसाठी बंद होतं. मी म्हटलं, "हिच्यावर पूर्ण भाराची चाचणी करू द्या." तपासणीची परवानगी देणारं दिल्लीचं पत्र माझ्याकडे होतं. चॅटर्जींना नाही म्हणता येईना.

भार टाकण्यासाठी काहीतरी हवं होतं. केंद्रात तसलं साधन नव्हतं, कारण तशी चाचणी तिथे कधी झालीच नव्हती. शेवटी बेहाल्यातच काकांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही लाकडी चौकटी करवून घेतल्या आणि त्यांवर लोखंडी तारेची वेटोळी ताणून बसवली. दुकानाच्या मालकाला वाटलं मी कसली तरी प्रचंड शेगडी करते आहे. "एवढा भात कुणासाठी शिजवणार, दीदी?" त्यानं विचारलं. वीज येई तेवढ्यात त्याचं ड्रिल चाले, जाई तेव्हा तो पायरीवर बसून विडी ओढी. चौकटी तयार व्हायला मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट वेळ लागला.

सियालदहच्या पुढे

चौकटींची वाट बघताना मी काकींना म्हटलं, "मला हरिपदच्या घरी जायचंय."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पोलिसांची नजर असेल त्या घरावर."

"दोन बायका एका बाईला भेटायला जाणार," काकी म्हणाल्या. "त्यात पोलिस काय बघणार?"

सियालदह स्टेशनच्या फलाटांवर अजून निर्वासितांचे संसार होते. सीमेपलीकडून आलेले बरेचसे परत गेले होते. ज्यांना जायला घरच उरलं नव्हतं ते तिथेच राहिलेले. चटई, एक पातेलं, विटांची चूल. कामावर निघालेली माणसं त्यांच्यामधून वाट काढत जात होती, खाली न बघता. एक म्हातारी चुलीपुढे नुसतीच बसली होती. चूल विझलेली होती. काकी क्षणभर थांबल्या, आपल्या पिशवीतली केळी तिच्यापुढे ठेवली आणि चालू लागल्या.

हरिपदची वसाहतही निर्वासितांचीच, पण जुनी, फाळणीच्या वेळची. आता पत्र्याची पक्की घरं, दारात पुईच्या, म्हणजे आपल्या मायाळूच्या वेली, मधे तळं. त्याच्या बायकोचं नाव सरमा. आम्हाला बघून ती आधी घाबरली. काकींनी तिच्याशी बंगालीत काय बोलायचं ते बोलून घेतलं, तेव्हा तिनं चटई अंथरली आणि मुरमुरे, खोबरं, गूळ असं पुढे ठेवलं. दुःखात असलेल्या घरी आपण काही खात नाही. मी हात आखडता घेतला. काकी मराठीत पुटपुटल्या, "खा. नाही खाल्लं तर तिला वाटेल आपण तिला गुन्हेगाराची बायको समजतो."

मी खाल्लं.

सरमा म्हणाली की नवऱ्याला तुरुंगात भेटू दिलं तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. मुलगा बिहारात कुठे तरी नातेवाइकांकडे आहे. कुठे ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

"दीदी, ते रोज ती काचेची भांडी पुसायचे," ती म्हणाली. "सदऱ्याला ॲसिडची भोकं पडायची. मी ठिगळं लावून लावून थकले. ज्याला मोडायचं असेल तो पुसत बसेल?"

मग तिनं विचारलं, "तुम्ही सरकारच्या ना? तुम्ही सांगितलं तर सोडतील?"

"मी एक चाचणी करणार आहे," मी म्हटलं. काकींनी ते बंगालीत सांगितलं. 'चाचणी' या शब्दाने तिचा चेहरा पडला. तिला काहीतरी दुसरं हवं होतं.

वाटेत काकींनी मला वेगळीच अडचण सांगितली. पूजेसाठी कोर्टं बंद होत होती, आणि ती चांगला महिनाभर उघडत नाहीत. त्याआधी जामीन झाला नाही तर हरिपद आतच राहणार. "आणि त्याचा तब्येत बघता," त्या म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं.

चाचणी

चाचणीच्या दिवशी आधी प्रत्येक भांड्याचं व्होल्टेज मोजलं. अगदी बरोबर. घनता मोजली, तीही ठीक. चॅटर्जी शांतपणे म्हणाले, "बघा, मिसेस गुप्ते. तक्रारीला जागा नाही."

मी चार्जर सोडवायला सांगितला. तारांच्या चौकटी जोडल्या. भाराचा एक भाग म्हणून दालनातले संकटकाळचे दिवेही याच बॅटरीवर घेतले. ही माझीच सूचना होती. त्या वेळी ती मला केवळ सोयीची वाटली.

स्विच चढवला. तारा आधी काळ्या, मग गडद लाल झाल्या. दालनात जिन्यावरचे, गॅलरीतले दिवे लागले. बॅटरीनं हा भार पाच तास पेलायचा होता. चहा आला. मी कप हातात घेऊन मीटरकडे बघत होते. काटा उतरू लागला. आधी सावकाश, मग ओळीतलं एकेक भांडं मान टाकावी तसं पडत गेलं. काही भांडी उकळल्यासारखी फसफसू लागली, ॲसिडची वाफ घशात बसली, तळाचा तपकिरी गाळ वर आला. चहा प्यायची मला आठवण राहिली नाही. तो कोमट होईपर्यंत बॅटरी संपली होती.

मग माझ्या लक्षात आलं की पलीकडे दालनातले हातोड्यांचे आवाज थांबले आहेत. मी दारात आले. काळ्या काचांमुळे भर सकाळी तिथे अंधार होता. दिवे पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे लाल झाले होते, आणि आता नुसत्या तारा निखाऱ्यासारख्या दिसत होत्या. जिन्यावरचा दिवा सर्वांत शेवटी गेला. काम करणारी सगळी माणसं जिथल्या तिथे उभी राहून वर बघत होती. त्या संध्याकाळी यांतले बरेच जण तिथे होते. मग एक माणूस खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. तो मेलेल्या फिटरचा भाऊ होता, हे मला नंतर कळलं. असं काही होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी ओरडून स्विच काढायला सांगितला.

दुपारी एक भांडं रिकामं करून पट्टी बाहेर काढली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ती हातातच तुटून पडली.

"म्हातारी झाली होती," मी म्हटलं. "दोन्ही. कुणी हात लावायची गरजच नव्हती."

चॅटर्जींनी एक तुकडा उचलला, तो त्यांच्या बोटांत चुरला.

एस्प्लनेड

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एस्प्लनेडला जेवायला बोलावलं. बाहेर पूजेच्या खरेदीची ही गर्दी. पदपथावर फ्रॉक, चपला, रिबिनी, आणि त्यातून हात पुढे करणारी उपाशी माणसं. आत पंखे, पांढरे टेबलक्लॉथ. त्यांनी माझ्यासाठी कविराजी कटलेट मागवलं. अंड्याच्या जाळीत गुंडाळलेलं ते कटलेट फार सुरेख होतं, आणि मी ते तसंच ठेवलं.

"तुमचं काम झालं," चॅटर्जी म्हणाले. "अणुकेंद्रासाठी तुम्हाला हवा तो नियम करा. चाचणीचे आकडे घेऊन जा. फक्त इथल्या तपासात ते येऊ देऊ नका."

"एक माणूस तुरुंगात आहे."

"ठाऊक आहे. सुबीरला मी नोकरीला लावलं होतं. त्याच्या वडिलांपुढे मी अजून उभा राहू शकलेलो नाही." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "बॅटरी वयाने मेली असं ठरलं तर ती वेळेवर बदलली का नाही, हा प्रश्न येतो. मग वरचे लोक माझ्याकडे बोट दाखवतील, मी त्यांच्याकडे. घातपात म्हटलं की प्रश्नच संपतो."

"तुम्हाला तो घातपात वाटतो?"

त्यांनी बिल मागवलं.

तिथून मी तारघरात जाऊन मुंबईला ट्रंककॉल लावला. तासांमागून तास गेले तेव्हा लागला. भागवतसाहेबांनी ऐकून घेतलं. "उत्तम. म्हणजे तुमचं म्हणणं सिद्ध झालं. आता गाडी पकडा."

"कोर्टात सांगायला हवं, साहेब."

"तुम्ही नियम लिहायला गेलात, माणसं सोडवायला नाही. खात्याच्या वतीने एक शब्द बोलायचा नाही."

"मग मी माझ्या वतीने बोलेन," मी म्हटलं. फोन आधीच कटला होता की त्यांनी ठेवला, ते आजवर मला माहीत नाही.

आमच्या खात्यात बायका इनमिन दोघी. एकीनं आगाऊपणा केला की दोघींच्या नावाने बोललं जाई. बेहाल्याला परत आले तर काका गॅलरीत उभे. मी सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि ते खाली उतरले. त्यांचा एक जुना विद्यार्थी वकील होता. त्याच्याकडे ते स्वतः गेले.

कोर्ट

पूजेच्या सुट्टीपूर्वी कोर्टात बाजार भरावा तशी गर्दी होती. बाकांवर बसलेल्या आया, प्रत्येकीच्या हातात डबा. वकिलानं माझी साक्ष मांडली. सरकारी वकील उठला.

"बाई, त्या संध्याकाळी तुम्ही तिथे होता?"

"नव्हते."

"मग आरोपीनं बॅटरीला काही केलं नाही, हे कशावरून सांगता?"

"ते मी सांगूच शकत नाही. तिच्यासारखीच, तिच्याच वयाची दुसरी बॅटरी मी तपासली. तिला कुणीही काही केलेलं नव्हतं. तीही तशीच पडली. एवढंच सांगते."

"तुम्ही कुणाच्या वतीने आलात?"

"माझ्या."

मागे कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, वीजकेंद्रातर्फे कुणी आहे का. कोपऱ्यातून चॅटर्जी उठले. ते आले आहेत हेही मला माहीत नव्हतं. आता हे सगळं नाकारणार, असं मला वाटलं.

"चाचणी माझ्यासमोर झाली," ते म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "या म्हणतात ते खरं आहे. हरिपदला आम्ही जेवढं मोजायला सांगितलं तेवढं तो मोजत होता."

जामीन मंजूर झाला. बाहेर पडताना मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात जोडले आणि थांबले नाहीत.

तुरुंगाच्या दारात आम्ही तिघी उभ्या होतो, सरमा, काकी आणि मी. हरिपद बाहेर आला तेव्हा मला वाटलं कुणा दुसऱ्याच माणसाला सोडलंय. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता, आणि उजवा पाय ओढत होता. सरमाने पदर त्याच्या खांद्यावर टाकला. रडली नाही. काकींनी मी कोण ते सांगितलं. त्यानं वाकून नमस्कार केला. मी मागे सरले. वयानं तो माझ्या वडिलांसारखा.

मग त्यानं काकींना काहीतरी विचारलं. काकी माझ्याकडे वळल्या, पण त्यांना ते मराठीत सांगायला वेळ लागला. "तो विचारतोय, काटा बरोबर होता, तर मग एवढी वर्षं तो काय मोजत होता?"

मी सांगितलं. चार्जर, काटा, आतल्या पट्ट्या, सगळं. काकी एकेक वाक्य बंगालीत सांगत गेल्या, तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नव्हे, "सुबीरबाबू आतून ओरडत होते. हरिपददा, दिवा लावा. हरिपददा, दिवा. मी खटका दाबतच होतो."

काकींनी हे मला लगेच सांगितलं नाही. घरी पोहोचल्यावर सांगितलं.

ठाणे

ठाण्याला घरी परतल्यावर मला खात्याकडून मेमो मिळाला, आणि नियमही झाला. समितीत एकानं विचारलं, "चाचणीसाठी बॅटरी बाजूला काढली आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर?" प्रश्न रास्त होता. भट्टी दीर्घकाळ बंद असताना, दुसरी बॅटरी हाताशी ठेवूनच चाचणी करावी, असं ठरलं. केवळ व्होल्टेजवरून बॅटरी सक्षम मानू नये, हे वाक्य मी लिहिलं तसं राहिलं. त्याला आधार म्हणून मी कलकत्त्याची हकीकत जोडली होती. ती काढली. तिकडच्या तपासाचा निष्कर्ष निघालेला नाही, असं कारण दिलं. तो पुढेही कधी निघाला नाही.

चॅटर्जींची बदली झाली. हरिपदवरचा खटला पुराव्याअभावी संपला. नोकरी परत मिळाली नाही. काकी अधूनमधून सरमाकडे जातात आणि खबर कळवतात. केंद्रात दोन्ही बॅटऱ्या नव्या आल्या आहेत. पण आमचा नियम अणुकेंद्रांपुरता. तिथे तो लागू नाही.

मध्यंतरी हरिपद काठी टेकत तिथवर गेला होता. फाटकापाशी थांबून त्यानं आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, त्या काट्यावर विसंबू नकोस. माणूस सज्जन होता. त्यानं हरिपदला सावलीत बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"पण दादा," तो म्हणाला, "साहेबांनी मला तेवढंच बघायला सांगितलंय."